बोअरजवळचा खड्डा

माझा हात पटकन उठतो. लाज वाटायला हवी, पण त्या सकाळी तो उठला, त्याची मला अजून वाटलेली नाही.

उचगावात घर बांधलं तेव्हापासून कुत्रा आमच्याकडे होता. एका दुपारी शाळेत शिकवून घरी आले, तर शेजारचे भाऊजी पोतं घेऊन फाटकात उभे. कुत्र्याला टेम्पोनं उडवलं, म्हणाले. "तोंड बघवंना वहिनी, पोतं उघडू नगासा." मी उघडलं नाही. उलट किती माया माणसाला, म्हणून त्यांना चहा करून दिला. नवरा बाहेरगावी होता. शेवग्याखाली मीच गुडघाभर खणलं, मीठ टाकलं आणि पोत्यासकट पुरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीतून माणूस आला. तक्रार भाऊजींच्या बायकोची, म्हणजे शेजारच्या वहिनींची होती. त्यांची बोअर खड्ड्यापासून चार पावलांवर. तो शांतपणे म्हणाला, स्वतःच्या जागेत पुरायला हरकत नाही, पण खड्डा कमरेएवढा हवा आणि पिण्याच्या पाण्यापासून लांब. हे बाहेर काढा. माझं डोकंच फिरलं. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या वहिनींना तोंडाला येईल ते बोलत मी खणायला लागले. भाऊजी मात्र राहू दे, राहू दे म्हणत होते.

फावडं लागून पोतं फाटलं. कुत्र्याचे चारही पाय हिरव्या नायलॉनच्या दोरीनं आवळलेले होते आणि कवटी एका बाजूनं फुटून आत गेली होती. टेम्पो काही पाय बांधून मारत नाही.

"ही आमची कपडे वाळत घालायची दोरी," वहिनी म्हणाल्या.

मी फावडं घेऊनच कुंपण ओलांडलं. पहिला दांडा भाऊजींच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात पडला. कुत्रा रात्रभर भुंकतो, झोप लागत नाही, एवढंच ते रक्त थुंकत सांगत होते. तिसरा मी डोक्यातच घालणार होते. पंचायतीच्या माणसानं मागून दांडा धरला, म्हणून ते वाचले.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि आमच्या अंगणात येऊन खड्ड्याशी बसल्या. मघाशी मी त्यांना काय काय बोलले होते, ते आठवून मला मान वर करवेना.

"आधी जनावराच्या डॉक्टरास्नी दावा," त्या म्हणाल्या. "दोरी कुणाची, ते पोलिसात मी सांगतो. मग हितंच पुरा, कमरेएवढं खणून. त्या बोअरचं पाणी आमी न्हाय पीत आता."