किलनाब्रॅकची पेटी

मॅलाकी टार्पी आणि मी सव्वीस वर्षं मतमोजणीच्या कठड्याशी, आपापल्या पक्षाचे निरीक्षक म्हणून, शेजारी उभे राहिलो. त्याचा पक्ष वेगळा, माझ्या नवऱ्याचा वेगळा; आजोबांच्या काळातल्या यादवीत दोन्ही घरांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या. पण पेटी उघडली की तो कठड्यावरून वाकून प्रत्येक मतपत्रिकेवरची पहिली पसंती वाचायचा आणि मी रेघ मारायची. दोन पक्षांत नोंदीचा कागद एकच.

"तुझा नवरा देवमाणूस होता, इमेल्डा," तो म्हणायचा. "त्याला मताचा अधिकार तेवढा द्यायला नको होता."

मॅलाकी पोस्टमन. किलनाब्रॅक गावातलं प्रत्येक दार त्याला ठाऊक. गावच्या पेटीचा त्याचा अंदाज पाच मतांपलीकडे कधी चुकला नाही.

त्याचा एकुलता एक मुलगा फर्गल शांतिसेनेतून दक्षिण लेबनॉनला गेला आणि शवपेटीतून परतला. अख्खं गाव पावसात रस्त्याच्या कडेला उभं होतं. त्यानंतर दर ऑक्टोबरात फर्गलच्या मिस्सेला, त्याच्या स्मृतिप्रार्थनेला, चर्च भरायचं.

गेल्या वसंतात, मी शिकले त्या बंद पडलेल्या कॉन्व्हेंटमध्ये लेबनॉनच्या युद्धातून निसटलेली तीन कुटुंबं राहायला आली. त्यांतली हनान, दोन मुलींची आई, फर्गलच्या चौकीशेजारच्याच गावची. "तो गेला त्या दिवशी आम्ही दुकानं बंद ठेवली होती," ती म्हणाली. इतक्या वर्षांत मॅलाकीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग दर रविवारी तो बटाट्यांची पिशवी घेऊन तिच्याकडे जाऊ लागला.

त्यांना हलवा म्हणणारा एक अपक्ष कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. गावच्या सभागृहात मॅलाकी त्यांच्या बाजूने बोलायला उठला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "माझी पोरगी डबलिनला एका खोलीत राहते, मॅलाकी. तिला दे की कॉन्व्हेंट!" टाळ्या पडल्या. तिकडच्या युद्धाविरुद्धच्या मोर्चाला बस भरून गेलेली माणसंही टाळ्या वाजवत होती.

"आरडाओरडा वेगळा, मत वेगळं," तो हनानला म्हणाला. "गाव माझं आहे. तीस मतंही पडायची नाहीत त्याला."

मोजणीला आमची पेटी उघडली. मॅलाकी वाचू लागला. अपक्ष. अपक्ष. आमचा. अपक्ष. चाळिसाव्याला त्याचा आवाज थांबला.

"वाच ना," मी म्हटलं.

"तूच वाच. माझा चष्मा..." चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

दोनशे बारांपैकी एकशे एकतीस मतं अपक्षाला. महिन्याभरात तिन्ही कुटुंबांना न्यायला कॉन्व्हेंटच्या फाटकाशी बस आली. हनानने निघताना बटाट्यांची पिशवी धुऊन, घडी करून त्याच्या हातात दिली.

ऑक्टोबरात फर्गलची मिस्सा झाली. चर्च भरलं, नेहमीसारखंच. मॅलाकी दाराशी उभा होता. लोक एकेक करून त्याचा हात दोन्ही हातांत घेत होते, डोळे पुसत होते. मनापासून. मी रांगेत होते. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना. जवळ गेल्यावर ऐकू आलं: "बावन्न. त्रेपन्न."

माझा हात त्याने धरून ठेवला. कुणाचं मत कुणाला, हे आम्ही दोघांनी उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

"तू कुणाला दिलंस, इमेल्डा?"

"हनान राहावी म्हणून दिलं, मॅलाकी. देवाशपथ."

त्याने माझा हात सोडला.

"सगळे हेच सांगतील," तो म्हणाला, आणि माझ्यामागच्या माणसाकडे हात पुढे केला. "चोपन्न."