पालखीची यादी आणि काळी खिडकी

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते.

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. शिमग्याचे दिवस होते. सकाळची हजेरी घेत होतो, तोच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "सायब, उद्या पालखी उठत न्हाय. दोन वाड्या समोरासमोर उभ्या हायत. तुमी स्वतः या."

पालखी आधी कोणाच्या दारात जायची, हा क्रम तिकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो आणि त्यात इकडचं तिकडे झालं की सख्खे शेजारी बोलेनासे होतात. काही वर्षांपासून ही यादी ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली होती. आदल्या संध्याकाळी पंचायतीतल्या ऑपरेटर बाईंनी तिची प्रिंट काढली, शिपायाने ती देवळात लावली आणि गाव पेटलं. पहिला मान असलेलं घर थेट शेवटी, त्रेचाळिसाव्या जागी गेलं होतं. पहिल्या जागेवर होतं ऑपरेटर बाईंच्या सासऱ्यांचं घर.

गावाने निकाल लावूनच टाकला होता. संध्याकाळी पाचला देवळात बैठक आणि बाईंना कामावरून काढायचा ठराव. लग्नानंतर अलिबागला जाऊन परीक्षा देऊन मिळवलेली ती खुर्ची होती. मी पोचलो तेव्हा बाई रडत नव्हत्या, पण पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

ठाणे दैनंदिनीत नोंद करून मी एका महिला शिपायाला घेऊन गेलो होतो. पंचायतीच्या खोलीला गावकऱ्यांनी रात्रीपासून स्वतःचं कुलूप ठोकलं होतं. पुरावा जपण्याची एवढी काळजी मी शहरातही पाहिली नव्हती. कुलूप उघडून घेतलं आणि चौकशी सुरू केली. फायदा कोणाचा झाला ते आधी बघायचं, हा माझा नोकरीभरचा शिरस्ता. त्यामुळे खरं सांगायचं तर माझाही निकाल लागलेलाच होता.

"प्रिंट तुम्हीच काढली?"

"व्हय. पन क्रम म्या बदलला न्हाय, सायब. दुपारी जेवायला गेले तवा यादी उघडीच होती. परत आले, बटन दाबलं, यादी समोरच होती. संध्याकाळी प्रिंट दिली."

"वाचली नाही?"

"दर सालची यादी. ती कोन वाचतंय?"

मी आवाज चढवणार, एवढ्यात माझ्या शिपाई बाईंनी मध्येच विचारलं, "ताई, जेवायला जाताना बंद काय करता?"

बाईंनी पडद्याच्या खालचं बटण दाखवलं. चौकशी केली तर अख्ख्या पंचायतीची तीच रीत. पडदा काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर बंद. खरा कॉम्प्युटर म्हणजे टेबलाखालचा डबा, त्याचा दिवा इन्व्हर्टरच्या कृपेने रात्रंदिवस लुकलुकत होता, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

शिपाई बाईंनी बटण दाबलं. जेट्टीचा फोटो आणि त्यावर ती यादी दिसली. "हे खातं तुमचंच ना?"

"मग कोनाचं असनार?"

शिपाई बाईंनी एक काळी खिडकी उघडून त्यात एक शब्द टाईप केला. "साहेब, आत कोण म्हणून बसलोय ते यात मशीनच सांगतं." खाली एक ओळ उमटली. ऑपरेटर बाई वाकून वाचू लागल्या आणि म्हणाल्या, "ह्ये तर गुरुजींचं नाव."

दुसरी आज्ञा दिल्यावर दोन ओळी आल्या. बाईंचं खातं मागे थांबलेलं आणि गुरुजींचं पुढे चालू, तेही आदल्या दुपारी एक वाजून वीस मिनिटांपासून. बाईंच्या खात्यात गेलो, तर तिथे जुनी यादी जशीच्या तशी उघडी होती. सगळे मान जिथल्या तिथे होते.

गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक आणि उत्सवाचे चिटणीस. पंचायतीला लागून असलेलं वाचनालय तेच बघत आणि पुस्तकांच्या नोंदीसाठी त्यांना त्याच कॉम्प्युटरवर वेगळं खातं दिलेलं होतं. माणूस असा शिस्तीचा की दुसऱ्याच्या खात्यात काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या पाटीवर लिहिणं मानणारा. त्या शिस्तीनेच ते सापडले.

ते ओटीवर सुपाऱ्या निवडत बसले होते. "गुरुजी, काल दुपारी पंचायतीत तुमच्या नावाने कोण बसलं होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीच. यादीची माझी प्रत उघडली होती. घरनंबराप्रमाणे गेलं तर पालखी खांद्यावर घेणाऱ्या पोरांची चढउतार किती वाचेल, तेवढंच लावून बघत होतो. फोन आला, बोलत बोलत बटण दाबून उठलो."

देवळातून काढून घेतलेली प्रिंट मी खिशातून काढली. डावीकडच्या रकान्यात एक ते त्रेचाळीस घरनंबर सरळ ओळीने उभे होते. अख्ख्या गावाने ती यादी वाचली होती आणि प्रत्येकाने फक्त आपलं घर कितवं ते पाहिलं होतं. मी तर फक्त बाईंच्या सासऱ्यांचं घर पाहिलं होतं.

"मग गप्प का बसलात?"

"साहेब, या गावातले सगळे कान मी पिळलेले आहेत. चुकलो म्हणून कुणापुढे उभा राहू?"

"त्या सुनेचा कान मात्र तुम्ही कधी पिळला नव्हता. आज तोही पिळला जातोय, आणि चूक तुमची आहे."

ते सुपाऱ्या बाजूला सारून उठले. पाचच्या बैठकीला आले, ठराव वाचायच्या आधी उभे राहिले आणि सगळं सांगून भर देवळात स्वतःचा कान धरला. मग मागून एका पिकल्या मिशांच्या माणसाचा आवाज आला, "गुरुजी, पिळा की जरा. आमचा पिळायचात तसा." दोन्ही वाड्या एकदम हसल्या. ठरावाचा कागद कुठे गेला ते मी विचारलं नाही.

निघताना ऑपरेटर बाई जीपपाशी आल्या. बोटाला गुंडाळलेला पदर सुटला होता. मी त्यांची माफी मागितली, मनापासून. त्या म्हणाल्या, "असू दे. पन सायब, तुमच्या ठान्यातलं खातं कोनाचं हाय, बघितलंत कधी?"

ठाण्यात आल्या आल्या शिपाई बाईंना तीच काळी खिडकी उघडायला लावली. उत्तर आलं ते माझ्या आधी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावाचं. दोन वर्षं मी रोज त्यांच्याच नावाने आत बसत होतो आणि मला पत्ता नव्हता.

समोरचा कोण आहे हे शोधण्यात माझी सारी नोकरी खर्ची पडली. आपण कोण म्हणून बसलोय ते आधी पाहावं, हे मला त्या बाईंनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला गेलो तेव्हा त्यांना माझ्या खात्याचं खरं काय ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पालखी दारात आल्याचं त्यांना सासूबाईंकडून कळलं.