मेंढरांचा आकडा

“मेंढ्या किती आहेत तुमच्याकडे?”

निवड समितीच्या सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आबा टेबलासमोर उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. त्या खोलीत चपला काढून आलेले ते एकटेच. गुळगुळीत फरशीवर त्यांचे भेगाळलेले पाय मला एकदम फार उघडे वाटले.

आबा बोलले नाहीत.

“मोजता येत नाही वाटतं,” सर शेजारच्या मॅडमना म्हणाले. मॅडम हसल्या. तिसरे एक जण मोबाइल बघत होते. तेही मान वर न करता हसले.

मी, त्यांची लेक, आबांच्या शेजारी होते. बाविसाव्या वर्षी, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मला माहीत होतं की आबांना मोजता येतं. ते का बोलत नाहीत हेही माहीत होतं. तरी मी गप्प राहिले.

हे लिहायला मला फार दिवस लागतायत. आबांना जाऊन चार महिने झाले. रोज एखादा परिच्छेद लिहिते आणि थांबते.

आमचं घर पिशोरकडचं, मेंढपाळाचं. दिवाळी झाली की आबा आणि माय मेंढरं घेऊन खाली उतरायचे, ते पाऊस लागायच्या सुमाराला परत. मधले सहा-सात महिने दुसऱ्याच्या रानात. रात्री शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची, खत त्याला, धान्य आम्हाला. शिकायला मी मामाकडं राहिले, म्हणून शिकले.

आमच्यात मेंढरांचा आकडा परक्यासमोर बोलत नाहीत. पोराबाळांना नजर लागते तसा हा प्रकार. आबा आकड्यानं मोजतही नसत. तिन्हीसांजेला वाघर लावायची, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या तोंडाशी ते उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवायचे. शेवटची आत गेली की सांगायचे, “काळ्या कानाची नाय आली.” आणि ती खरंच आलेली नसायची.

आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार झाला होता. दोन विद्यार्थी, एक सत्र, पाच महिने. तिथली फी माफ. विमान, राहणं, खाणं, विमा आपापलं. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, यादी लागली. माझं नाव पहिलं होतं. प्रतीक्षायादीत प्रियांका. तिच्या वडिलांची पैठण रोडला शेती होती आणि चितेगावच्या एका कंपनीत कामगार पुरवायचं कंत्राट. प्रियांकाबद्दल माझी तक्रार नाही. ती माझ्याशी चांगलंच वागायची.

यादीच्या खाली एक ओळ होती. निवड झालेल्यांनी खर्चाचं अंदाजपत्रक द्यावं आणि पालकांना घेऊन आर्थिक क्षमतेच्या पडताळणीला यावं.

मी कागद घेऊन गावी गेले. नेटवरून उतरवलेले आकडे होते. खोली पाच महिन्यांची एक लाख साठ हजार. जेवण पंचाहत्तर. विमा पंचावन्न. आबा घोंगडीवर बसून ऐकत होते. मला वाटलं, एवढी रक्कम ऐकून ते घाबरतील. ते म्हणाले, “थांब. असं नसतं करायचं. आधी सांग, उतरल्यावर पयलं पानी कुठं?”

“म्हणजे?”

“म्हनजे उतरल्या उतरल्या कुठं जायचं? खोलीची किल्ली कोन देनार? दुकानं बंद असली तर पयल्या दिशी काय खाशील?”

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त बेरीज करून आणली होती. आबा दरवर्षी सहा महिन्यांचं परमुलूख करत आलेले. त्यांचं सगळं ठरलेलं. पहिल्या सात दिवसांचा शिधा आपल्याजवळ. आजारपणाचं वेगळं. गाव ओळखीचं होईपर्यंत कुणाच्या भरवशावर राहायचं नाही. आणि सगळ्यात आधी परतीचं.

“परत यायचे पैसे आधी बाजूला काढायचे,” ते म्हणाले. “जायचं नंतर बघू. जायला काय, मानूस उधारीवर बी जातो. यायला उधारी भेटत नाय.”

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “तुमचं आपलं. लेक इमानानं चालली, मेंढराच्या मागं नाय.”

“इमान बी परत याया पायजे का नाय?”

आम्ही तिघंही हसलो. त्या दुपारी मी माझा कागद फाडला आणि नवा लिहिला. पहिली ओळ: परतीचं तिकीट, अडतीस हजार. दुसरी ओळ: पहिले सात दिवस, घरचं पीठ, चटणी, मेतकूट, शेंगदाणे. मग जायचं तिकीट, एकेचाळीस. मग खोली, जेवण, विमा. शेवटी अडीअडचणीला एकतीस हजार. एकूण चार लाख. शिध्याला पैसे लावायचे नाहीत, असं माय म्हणाली.

चार लाख कुठून आणायचे तेही आबांनीच ठरवलं. अर्धा कळप. बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्यानं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, अर्धा कळप चार लाखांना घेईन, पैसे रोख, महिन्याच्या आत. त्यात मेंढरांची संख्या नव्हती. आबांनीच घालू दिली नाही. व्यापाऱ्यालाही त्यात वावगं वाटलं नाही. तो याच धंद्यातला.

हा स्टॅम्प त्या दिवशी सरांच्या समोर टेबलावर होता. हे नीट लक्षात ठेवायला हवं. पैशांची खात्री त्या कागदात होती. आकड्याची कुणालाच गरज नव्हती.

सरांनी आधी माझं अंदाजपत्रक मोठ्यानं वाचलं होतं.

“पहिली ओळ, परतीचं तिकीट. बघा, बाई निघायच्या आधीच परत येतायत.” हसणं. “दुसरी ओळ. पीठ, चटणी, मेतकूट. अगं, जर्मनीला चाललीस की शिवारात?” पुन्हा हसणं. “आणि हे चार लाख? मेंढ्या विकून?”

“जी,” आबा म्हणाले.

“आणि उद्या मेल्या तर?”

“उद्याच्याला नाय मरत, साहेब. लस टोचलीय.”

“बरं. मेंढ्या किती आहेत तुमच्याकडे?”

आणि मग ते तीनदा.

मला त्या क्षणी दोनच वाटा दिसत होत्या. सांगायचं की आमच्यात आकडा बोलत नाहीत. म्हणजे आम्ही अंधश्रद्धाळू. नाहीतर गप्प राहायचं. म्हणजे आम्ही अडाणी. मी शिकलेली. मला दोन्ही नको होतं. मला त्या खोलीत त्यांच्यातलीच एक दिसायचं होतं. म्हणून मी आबांकडं वळले आणि वैतागून, हो, वैतागून म्हणाले, “आबा, सांगा ना.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून त्यांनी आकडा सांगितला. हळू. एकदाच.

“एवढ्याच?” सर म्हणाले.

त्यांनी तो आकडा कागदाच्या कडेला पेन्सिलनं लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. तो गोल मला अजून दिसतो.

मग सरांचा आवाज मऊ झाला. “हे बघ बेटा, हुशार आहेस. पण परदेश म्हणजे पीठ बांधून जायची जागा नाही. कॉलेजचं नाव असतं. घर विकून जाण्यापेक्षा ज्याला झेपतं त्याला जाऊ दे. तुझ्याच भल्याचं सांगतोय. इथं सही कर.”

त्यांनी एक कागद पुढं सरकवला. टाइप केलेला. मी स्वेच्छेने, घरच्या आर्थिक परिस्थितीमुळे, या सत्रासाठीची माझी जागा सोडत आहे. खाली माझं पूर्ण नाव.

मॅडमनी पेन दिलं. मी ते हातात घेतलं. सही करणार होते. खोटं कशाला लिहू, करणारच होते. सहीच्या जागी आधी तारीख घालावी म्हणून वर बघितलं, तर तारीख टाइप केलेली होती. परवाची.

परवा आबा अजून गावाकडं मेंढरांमागं होते. परवा कुणी आम्हाला काही विचारलं नव्हतं. माझी स्वेच्छा परवाच तयार होती. मग आज हे सगळं कशासाठी? मला वगळायचं आधीच ठरलं होतं, पण कारण माझ्याच तोंडून हवं होतं. आबांच्या तोंडून हवं होतं.

मी कागद त्यांच्याकडं वळवला.

“सर, यावर परवाची तारीख आहे,” मी म्हणाले.

“टायपिंगची चूक असेल.”

“प्रियांकाच्या बाबांची पडताळणी झाली का?”

“त्यांची कशाला? त्यांना आम्ही ओळखतो.”

“त्यांना एकरं किती ते विचारलं नाही?”

“हे बघ, जपून बोल,” मॅडम म्हणाल्या.

मी खुर्ची ओढली. आबांसाठी. “बसा, आबा.” ते बसले नाहीत. मी उभ्यानंच त्या कागदावर, माझ्या टाइप केलेल्या नावाच्या खाली, पेननं लिहिलं: मी जागा सोडत नाही. समितीला मला नाकारायचं असेल तर कारण लिहून नाकारावं. खाली सही आणि त्या दिवसाची तारीख.

मोबाइलवाल्यांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

“ते इथं ठेव,” सर म्हणाले.

“आवकला देते,” मी म्हणाले आणि कागद घेऊन बाहेर आले. आबा मागून आले.

आवक-जावकच्या खिडकीवर रशीद चाचा बसायचे. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. शिक्का मारून म्हणाले, “झेरॉक्स ला पहले. उसपे बी शिक्का मारतूं. पोच लेव बेटा. बिना पोच का कागज पतंग है, कट्या तो गया.” आणि आबांना स्टूल सरकवलं. “बैठो भाईसाब. कब से खडे हो.”

आबा तिथं बसले.

परतीच्या बसमध्ये मी बोलत राहिले. ते काय म्हणाले, मी काय म्हणाले, कसं लिहिलं. दौलताबादचा किल्ला मागं पडेपर्यंत आबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, “त्यायच्यासाठी नाय सांगितला मी आकडा.”

मी थांबले.

“तुझं तोंड उतरलं व्हतं. म्हनून सांगितला.”

सरांनी केलेला अपमान मला तिथं, त्या बसमध्ये, पुरता कळला. माझ्या बापाला मान खाली घालायला त्यांनी मला वापरलं होतं. आणि मी वापरू दिलं होतं.

नऊ दिवसांनी अंतिम यादी लागली. माझं नाव तिच्यात होतं. कारण लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. सर नंतर जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

आबांनी अर्धा कळप दिला. मी गेले. पहिले सात दिवस मी घरचंच खाल्लं. उतरले तो रविवार होता आणि खरंच सगळी दुकानं बंद होती. आबांचा फोन यायचा तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, “परतीचं शाबूत हाय ना?” शाबूत होतं. तिसऱ्या महिन्यात खोलीचं भाडं वाढलं, मी एका वेळचं जेवण कमी केलं, पण त्या अडतीस हजारांना हात लावला नाही. जशी गेले तशी परत आले.

मी तिकडं असताना राहिलेल्या कळपात रोग आला. पुढची लस वेळेवर पोचली नाही. पंधरा दिवसांत वाघर रिकामी. हे मला परत आल्यावर कळलं. आबांनी मग चितेगावला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. गाड्या आत सोडताना ते त्यांच्या पाठीवर हात ठेवायचे, असं त्यांच्या जोडीदारानं मला दहाव्याला सांगितलं. गेटवरच गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

माय म्हणते, “आकडा तोंडातून गेला, कळप गेला.”

मी ते मानत नाही. मेंढरं लस न पोचल्यानं मेली. पण मायला मी हे पटवायला जात नाही. तिच्या म्हणण्यात खरं नसेल, दुःख आहे. आणि माझा वाटाही आहे त्यात. आबांनी जन्मभर कुणाला दिली नव्हती अशी एक गोष्ट होती. ती मी त्यांना परक्या माणसांच्या हसण्यासमोर ठेवायला लावली.

मी आता दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते. गेल्या आठवड्यात परदेश सत्राच्या निवड समितीवर माझं नाव आलं. सोबत अर्जाचा नमुना. नववा रकाना: पालकांना समक्ष बोलावून आर्थिक स्थितीची खात्री करणे. मी तो खोडला आणि बाजूला लिहिलं, कागद बघा, माणूस उभा करू नका. प्राचार्यांचा निरोप आला, “मॅडम, पद्धत आहे ती. एवढ्यासाठी कशाला अडून बसता?”

सोमवारी बैठक आहे. मी जाणार आहे. रकाना राहिला तर सही करणार नाही. का करत नाही ते लिहून देईन, आणि पोच घेईन. मला समितीवरून काढायचं असेल तर तेही त्यांनी लिहूनच काढावं.

इथं मी तिकिटाचे पैसे लिहिले. खोलीचं भाडं लिहिलं, विमा लिहिला, जेवण लिहिलं. मेंढरांचा आकडा लिहिलेला नाही. तो मला पाठ आहे. कुणीही विचारला तरी सांगणार नाही.