एका कार्डावरचं पुस्तक

त्या सकाळी पूजा आटोपल्यावर मी एक कागद देवापुढे ठेवला, त्यावर फूल वाहिलं आणि तो पिशवीत घालून नाशिक रोडहून गाडी पकडली. माझ्या मुलीचा, सईचा, कॉलेजातून दाखला काढण्याचा तो अर्ज होता. उन्हाळ्यात माझी लखनऊहून इकडे बदली झाली. सई बीएच्या दुसऱ्या वर्षासाठी तिथेच वसतिगृहात राहिली. नाशकात एवढी कॉलेजं असताना चार खोल्यांच्या कॉलेजासाठी पोर लांब कशाला, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर संध्याकाळी घर खायला उठायचं.

गाडी थेट आहे, जवळजवळ दिवस जातो. डबा घरचाच न्यावा. नोव्हेंबरात जाणार असाल तर सकाळी मक्खन खा. केशर घातलेला दुधाचा फेस, द्रोणात देतात. ऊन चढलं की विरतो, म्हणून नऊच्या आत. मग ई-रिक्षाने विकास नगर.

कॉलेज दुकानांच्या वरच्या मजल्यावर. खाली शिलाई मशीन दुरुस्त करतात. मशीन सुरू झालं की वरचे सर वाक्य अर्धं सोडून थांबतात. मुलं तेवढ्यात डबा उघडून दोन घास खातात.

क्लार्कने अर्ज पाहिला. "लाइब्रेरी का साइन कहाँ है, भाईसाहब? बगल वाले कमरे में जाइए."

शेजारच्या खोलीत दोन कपाटं, एक टेबल. ग्रंथपाल नाही, दुसऱ्या वर्षाची मुलं आठवड्याच्या पाळीने किल्ली सांभाळतात. त्या आठवड्याची पाळी सईची होती. मी येतोय एवढंच तिला ठाऊक होतं. तिने अर्ज शेवटपर्यंत वाचला, रजिस्टर उघडलं.

"एक किताब बाकी है," ती परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली. "साइन नहीं होगा."

"मग जमा कर."

"वो मेरे पास है, अंकल." खिडकीतली मुलगी, शबनम, पुस्तकातून मान वर करून म्हणाली. ती बारानंतर औषधांच्या दुकानात काम करते. "एक ही कॉपी है. सुबह मैं पढ़ती हूँ, शाम को सई. कार्ड इसका है, मेरा तो भर चुका." मग हसत, "ऐसा कीजिए, सई को ले जाइए, किताब छोड़ जाइए."

टेबलाभोवतीची मुलं हसली. सई हसली नाही. हळूच मराठीत म्हणाली, "बाबा, एकदा मला विचारायचं तरी."

मी बाकावर बसलो. गावच्या शाळेत आम्ही तिघं मिळून एक पुस्तक वाचायचो. पान उलटायचा मान मधल्याचा. पण कडेच्या दोघांचं वाचून झाल्याशिवाय त्याने हात लावायचा नाही. तिथे सईशेजारी बसून, मी कधीपासून पान उलटायच्या घाईत आहे, हे मला कळलं.

बाराला शबनमने पुस्तकात बसचं तिकीट खुणेला घातलं, सईपुढे ठेवलं आणि पळाली.

मी अर्ज पुढे केला. "लायब्ररीच्या रकान्यात लिही, पुस्तक बाकी. खाली सही कर."

"आणि मग?"

"मग काही नाही. चल, भूक लागलीय."

खस्ता कचोरी खाताना ती दीड तास बोलत होती, निम्मं हिंदीत.

घरी येऊन आठवडा झाला. संध्याकाळ अजून जड जाते. तो अर्ज देव्हाऱ्यात आहे, तिच्या सहीसकट. वसतिगृहाचं वर्षभराचं पालकांचं संमतीपत्र मात्र जुलैपासून कपाटात कोरं पडलं होतं. काल पूजेनंतर त्यावर सही केली आणि पोस्टात टाकून आलो.