स्वयंपाकघरातला समुद्र

आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर, भिंतीवर समुद्राचं एक चित्र होतं. निळं पाणी, दोन माड, एक होडी. कारखान्याला माल पुरवणाऱ्या कुणीतरी एका वर्षी भलंमोठं कॅलेंडर वाटलं होतं, त्यातलं हे पान. वर्ष संपलं, तारखा कापून टाकल्या, चित्र राहिलं. फोडण्यांच्या तेलानं त्यातलं पाणी पिवळट झालं, होडी तर असल्या-नसल्यासारखीच उरली, पण बायकोनं ते काही काढलं नाही. घराला रंग द्यायचा असला की तेवढ्यापुरतं उतरवायची आणि रंगारी गेला की पुन्हा त्याच जागी लावायची.

मी चितेगावच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं तीन पाळ्यांत काढली. काम तपासणीचं. तयार झालेला माल हातात घ्यायचा आणि त्यात खोट शोधायची. त्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता दुसरं कुणी सांगायला उरलेलं नाही. संभाजीनगरच्या क्रांती चौकात कंपनीची बस पकडायची, पाळी संपली की घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं. या माणसाशी लग्न करून बायकोला काय मिळालं, असं कुणी विचारलं असतं तर मला खाली मान घालावी लागली असती.

म्हणून मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. रिटायर झालो की हिला समुद्राकाठी घर घेऊन द्यायचं. तिला सांगितलं नव्हतं. आम्ही स्वयंपाकघरातच खाली बसून जेवायचो, समोर ते चित्र असायचं, आणि घास चावता चावता मी मनात म्हणायचो, थांब थोडी वर्षं.

माझं स्वतःचं विचाराल तर मला समुद्र नको होता. मला गाव हवं होतं. पाचोडच्या पुढं आमची थोडी जमीन आहे, धाकटा भाऊ कसतो. मोसंबीची बाग, एक विहीर आणि विहिरीशेजारी एक मोकळा तुकडा. त्या तुकड्यावर दोन खोल्या बांधाव्यात, बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन पाचोडला जावं, दर दहा पावलांवर कुणीतरी "कवा आलास?" म्हणून अडवावं आणि भाजी घ्यायला गेलेल्या माणसानं दोन तासांनी घरी यावं. एवढंच. पण हे चित्र कुठल्या भिंतीवर लावलेलं नव्हतं, त्यामुळे त्याची कुणी दखल घ्यायचा प्रश्न नव्हता.

मागच्या वर्षी रिटायर झालो. फंडाच्या पैशांत एकच घर होणार होतं, इकडं नाही तर तिकडं. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्यानं रत्नागिरीच्या खालच्या अंगाला एक घर विकायचं आहे असं सांगितलं आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन आला.

"दादा, विहिरीपासच्या तुकड्यात बांधणार असाल तर ठेवतो. नायतर मोसंबीची रोपं सांगून ठेवलीत, महिन्याभरात येतेत. एकदा झाडं लागली की मग मी उपटणार नाय, आधीच सांगतो."

"कळवतो," मी म्हणालो. फोन ठेवला. बायकोला म्हटलं, "चल, कोकणात एक घर बघून येऊ. आठ दिवस राहू, मग ठरवू." तिनं हातातलं काम थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि "बरं," म्हणाली.

कोकणातलं घर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. जांभ्या दगडाचं जोतं, पुढं पडवी, मागं नारळाची पाच झाडं. पडवीतून झाडांच्या फटीतनं समुद्र दिसायचा. घराची चावी शेजारच्या काकूंकडं होती. बाई प्रेमळ. पहिल्याच दिवशी सोलकढीचं भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घाटावरची माणसं तुम्ही, उकडेल हो तुम्हांला."

उकडलं. आमच्या संभाजीनगरचं ऊन कितीही कडक असो, सावलीत गेलं की माणूस सुटतो. इथं सावलीतसुद्धा घाम पाठ सोडत नव्हता. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलं. सदरा दोन दिवस दोरीवर होता तरी ओलाच. बायकोनं घरून नेलेले उडदाचे पापड तिसऱ्या दिवशी रुमालासारखे घडी घालता येतील असे झाले. मी मटण खाणारा माणूस, पण माशाच्या काट्यांशी माझं कधी जमलं नाही, आणि तिथं तर बाकी काही मिळायची पंचाईत. सगळ्यांत अवघड म्हणजे रस्त्यानं जाताना कुणी अडवत नव्हतं. माणसं चांगली होती, हसायची, बाजूला होऊन वाट द्यायची. मला वाट नको होती.

पण मी चकार शब्द काढला नाही. सकाळ-संध्याकाळ बायकोला पाण्यापर्यंत घेऊन जायचो. ती लांबवर, पदर खांद्यावरून घट्ट ओढून उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, हिचं मन भरून आलंय. इतक्या वर्षांची हौस, बोलणार तरी काय?

"घर कसं वाटलं?" मी विचारायचो.

"लई चांगलं हाय."

"हवा?"

"चांगली हाय की."

"शेजार?"

"शेजारबी चांगला हाय."

कारखान्यात कुणी इतक्या भराभर सगळं पास केलं असतं तर मी तो माल दुसऱ्यांदा तपासला असता. इथं मात्र मला ते आनंदाचं लक्षण वाटलं. परतीच्या बसमध्ये घाट चढून आल्यावर खिडकीतून कोरडं वारं आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आता हे वारं पाहुण्यासारखं कधीतरीच भेटणार, असं वाटून मला खरंच रडू येत होतं. बायको शेजारी गाढ झोपली होती, आठ दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसलो. रोपं यायला तीनच दिवस उरले होते. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

"काकूंना फोन करून होकार कळवतो," मी म्हणालो. "होऊ दे तुझ्या मनासारखं."

तिचा थापता हात थांबला. "माझ्या? का तुमच्या मनासारखं?"

"माझ्या कसं? समुद्राची हौस तुला."

"मला? मी कवा म्हणले?"

मी चित्राकडं बोट दाखवलं. "म्हणायला कशाला पाहिजे? इतकी वर्षं हे भिंतीवर आहे. कधी काढू दिलंस का कुणाला?"

तिनं माझ्याकडं परक्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं, मला आमच्या लग्नाचा पहिला महिना आठवला. तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले, टाचा उंच करून चित्राच्या खालच्या टाचण्या काढल्या आणि ते वर उचलून धरलं.

मागं भोक होतं. ताटाएवढं. विटा फोडून अर्ध्यावर सोडलेलं, आत जुन्या चादरीचा बोळा कोंबलेला.

"आठवतं का?" ती म्हणाली.

आठवलं ते भांडण. लग्नाचं पहिलं वर्ष. मिरचीची फोडणी घातली की ती खोकून बेजार व्हायची, आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, एक्झॉस्ट फॅन बसवून टाकू. सुट्टीच्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःच भिंत फोडायला बसलो. मागच्या घरातले म्हातारबुवा धावत आले, धूर आमच्या अंगणात येणार म्हणाले. आवाज चढले. मी हातोडा तिथंच टाकून बाहेर निघून गेलो आणि नंतर बघू म्हणालो. भांडण मला शब्दन् शब्द आठवत होतं. भोक मात्र साफ विसरलो होतो; रंगारी यायचा तेव्हा मी पाळीवर असायचो.

"मग बुजवलं का नाहीस?"

"बुजवलं असतं, मंग पंखा कुठं बसवला असता तुमी?"

ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"आन् समुद्राचं म्हणाल तर मला त्या पाण्याकडं बघून गरगरायचं. पायाखालची वाळू सरकली की जीव घाबरा व्हायचा. तुमची लई इच्छा दिसली, म्हणून गप बसले."

"माझी इच्छा? हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? रोज जेवताना त्या चित्राकडं टक लावून बघायचात."

मी हातातला फोन खाली ठेवला. विचारलं, "मग तुला राहायचंय कुठं?"

"गावाकडं. दार उघडं टाकून सैपाक करता येतो तिथं. धूर जिकडं जायचा तिकडं जातो."

माझा जीव भांड्यात पडला. असं म्हणतात खरं, पण आयुष्यात तसं मला फार वेळा झालेलं नाही. त्या सकाळी झालं. मी हसायला लागलो, तीही हसायला लागली, चित्र तिच्या हातात तसंच वर धरलेलं. हसता हसता मला लाजही वाटत होती. तीस वर्षं लोकांच्या मालातली खोट शोधत फिरलो आणि स्वतःच्या घरातलं ताटाएवढं भोक मला दिसलं नव्हतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी लाजेपेक्षा सुटकाच मोठी होती. समुद्र नव्हता, ओला सदरा नव्हता, पापडांची घडी नव्हती. गाव होतं.

भावाला फोन लावला. "विहिरीजवळ रोपं लावू नको."

तो हसला. मग म्हणाला, "म्या तिथं खड्डेच घेतले नव्हते, दादा."

कोकणातल्या काकूंना नाही कळवायचं मला अवघड वाटत होतं. आठ दिवस त्यांनी घरच्यासारखं केलं होतं. मी शब्द जुळवत होतो, तर त्याच म्हणाल्या, "अहो, मला ठाऊकच होतं. वहिनी रोज पडवीत समुद्राकडे पाठ करून तांदूळ निवडायच्या."

म्हणजे सगळ्यांना दिसत होतं, मला सोडून.

त्याच आठवड्यात क्रांती चौकात जाऊन मी एक्झॉस्ट फॅन घेतला. गावातल्या घराचा अजून पायासुद्धा खणलेला नव्हता. गवंड्याला आधी पंख्याचं माप दिलं, खोल्यांची मापं मागाहून. तो म्हणाला, "चार बाजूला मोकळं रान हाय, इथं पंखा कशाला?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

पंख्याचा खोका घेऊन घरी आलो तेव्हा बायको चहा करत होती. तिनं चहा उतरवला आणि खोका स्वतः उघडला. पाती बोटानं फिरवून पाहिली, वायर पाहिली, खालून-वरून सगळं बघितलं. मीसुद्धा माल इतक्या बारकाईनं कधी तपासला नसेल. मग तिनं तो पुन्हा खोक्यात ठेवला, खोका पलंगाखाली सरकवला आणि भिंतीकडं बघून म्हणाली, "आता बुजवा ते भोक."

मी चहा तसाच ठेवला आणि सिमेंट आणायला गेलो.