मिरच्यांपुढून उठल्यावर

सन १९३६, चैत्र वद्य पंचमी. वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांची देठं खुडायची होती. लोणावळ्याच्या आमच्या घरापुढे अंगणभर पोती अंथरून लालभडक मिरच्या पसरल्या होत्या, आणि डोक्यावर पदर घेऊन मी आणि कुरवंड्याहून येणारी कांडपीण भर उन्हात खुडत बसलो होतो. कडक उन्हात देठ चटकन तुटतं, म्हणून हे काम उन्हातच करायचं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. तिचं तीन महिन्यांचं मूल आत माजघरात पांढऱ्या दुपट्यावर झोपलं होतं आणि तीही भिंतीकडे तोंड करून शेजारीच झोपली होती. माझा कान मात्र तिकडेच होता. दोनच दिवसांपूर्वी सरपणात विषारी फुरसं निघालं होतं.

"फुरसं एकलं नसतंय बाई," कांडपीण म्हणाली. "जोडीचं असंल हितंच कुटंतरी."

"तुला काय त्यांच्या लग्नाची पत्रिका आली होती? हात चालव."

ती हसली. तेवढ्यात मूल कुरकुरलं. मी उठले, आणि पाणी प्यायला म्हणून तीही माझ्यामागून आत आली.

दारातून मी आत पाहिलं. मूल हिरवंनिळं पडलं होतं. तोंड, हात, पाय, सगळं शेवाळासारखं. टाचेवर एक काळा ठिपका.

"आगं बया!" कांडपीण मागून ओरडली. "हिरवं पडलंय पोर! पान लागलं, बाई, पान लागलं!"

सापाचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून आमच्याकडे असं म्हणतात. मी झडप घालून पाय धरला, तसा त्याने कधी नव्हे असा टाहो फोडला.

"इख चढतंय! आवळा पाय!"

तिने सुतळी काढून पोटरीला बांधली. कोनाड्यात यजमानांचा दाढीचा वस्तरा होता. दंशावर चीर देऊन रक्त काढायचं, एवढं मला माहीत होतं. वस्तरा उघडला, टाच पकडली.

"आई! काय करतेस?" मुलगी धडपडून उठली होती.

"सरक. फुरसं चावलंय. हिरवा पडलाय, दिसत नाही?"

"कुठे हिरवा? रडून लालबुंद झालाय!"

मी पाहिलं. मूल लालबुंद होतं. टाचेवर डास चावल्याची पुळी होती आणि वस्तऱ्याचं पातं तिला जवळजवळ टेकलं होतं.

"आमी दोगींनी बघितलं, ताई," कांडपीण म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

मुलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुतळी सोडली, पायाचा वास घेतला. "मिरचीच्या हातांनी धरलंस त्याला," एवढंच मला म्हणाली. मूल टाहो का फोडत होतं, ते तेव्हा कळलं. तिने ताकाने पाय धुतला, वर तूप चोळलं आणि दिवसभर मूल माझ्या हाती दिलं नाही. संध्याकाळी वडिलांना म्हणाली, "मला उद्या सासरी पोचवा. आईच्या जवळ त्याला ठेवायची मला भीती वाटते."

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. दोन डोळे फसतील, पण चार डोळे एकदम कसे फसले? वस्तरा मिटून मी कोनाड्यात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच मी एकटीच मिरच्यांपुढे बसले. बराच वेळ खुडल्यावर मान वर केली. समोरची चुन्याची भिंत हिरवीनिळी! बघता बघता तो रंग विरला आणि भिंत पुन्हा पांढरी झाली. काल दारातून मी भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं फक्त मूल.

मुलीला हाक मारली. ती मूल खांद्यावर घेऊनच आली. तिची ट्रंक ओसरीवर बांधून ठेवलेली होती.

"बस इथे. ढिगावरून नजर हलवू नकोस."

"आता हे काय नवीन?"

"बस म्हणते ना."

ती फुरंगटून बसली. पुरेसा वेळ गेल्यावर म्हटलं, "आता त्याच्याकडे बघ."

तिने खांद्यावरचं मूल पुढे घेतलं आणि ती किंचाळलीच. मग भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मुलाकडे. तो हिरवा रंग उतरेपर्यंत ती बघत राहिली.

"काल तुम्ही दोघीही लाल मिरच्यांकडे बघत खुडत होतात," ती हळूच म्हणाली. मग मूल माझ्याकडे करता करता थांबली. "आधी हात धू."

मी न्हाणीत जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, वर ताक चोळलं, बोटं हुंगून पाहिली, आणि मग त्याला घेतलं.