आठ्यावाल्याच्या हाती माल

आक्काशी गोड बोलून काही पदरात पडत नाही, खरं बोलावं लागतं. हे कळेपर्यंत माणसाने तिची बोलणी मात्र भरपूर खाल्लेली असतात.

नवऱ्यामागे चिनीमातीच्या कपबशांचा कारखाना तिनेच ओढला. कारखाना कसला, एक भट्टी, दोन चाकं आणि हाताखाली चार बायका. जवळपासचं गिऱ्हाईक प्लास्टिककडे वळलं आणि भट्टी विझायची वेळ आली. तेवढ्यात समुद्रापारच्या एका दुकानदाराने नव्या दुकानासाठी भरपूर माल मागितला. माल धड पोचला तर भट्टी चालणार, नाहीतर आक्कासकट सगळ्या घरी बसणार.

आता माल जहाजात चढवून पलीकडच्या कस्टममधून सोडवून देणारा फॉरवर्डर हवा होता. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, माझा मित्र आहे की! घरचाच माणूस."

"भावजी, घरचा माणूस गप्पा मारायला बरा. मालाचं मी बघते."

तिने दोन फॉरवर्डर बोलावले, आणि दिराचं मन मोडायला नको म्हणून त्याच्या मित्रालाही. तिघांनाही तिने ऑफिसात न बसवता थेट पॅकिंगच्या खोलीत नेलं आणि भरलेली पेटी पुढ्यात ठेवली. वाळल्या गवतात कप असे रुतवलेले की बोट शिरायला फट नाही. सासूने शिकवलेली पद्धत ती, आक्काचा केवढा अभिमान!

पहिला "वा, काय पॅकिंग!" म्हणाला आणि दर सांगून गेला. दिराच्या मित्राने तर हातच जोडले. "निर्धास्त झोपा वहिनी, पुढचं माझ्यावर."

तिसऱ्याच्या कपाळाला कायमच्या आठ्या. बायकांनी लगेच नाव ठेवलं, आठ्यावाले. त्याने चिमूटभर गवत उचललं, चुरगाळलं आणि म्हणाला, "ही पेटी जाणार नाही."

आक्काचं डोकंच फिरलं. "आमच्या सासूबाईंपासून गवतातच माल जातोय!"

"जात असेल. पण समुद्रापार नाही. गवतातून कीड जाते, म्हणून तिकडे उतरूच देत नाहीत. माल दारातून परत." एवढं बोलून तो बाबा चहा न घेताच निघून गेला.

आक्का धुमसत राहिली. मग तिने उरलेल्या दोघांना फोन लावून सरळ विचारलं, गवत चालतं का? पहिला म्हणाला, "तिकडे गेल्यावर बघू की." दिराचा मित्र म्हणाला, "चालत नाही, माहीत होतं हो. पण पहिल्याच भेटीत कसं सांगायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

फोन ठेवून ती पेट्यांच्या ढिगाकडे बघत बसली. सगळ्या स्वतःच्या हातांनी भरलेल्या. मग पदर खोचून उठली. "बायांनो, उघडा सगळ्या. चूक माझी आहे."

असं म्हणायला छाती लागते महाराजा! पुन्हा एकेक कप कागदात गुंडाळताना ती कोणावर एकदाही खेकसली नाही. काम आठ्यावाल्याला दिलं. दीर फुगून बसला.

माल गोदीवर गेला आणि भर दुपारी आठ्यावाल्याचा फोन आला. "वाईट बातमी आहे. जहाज भरलं, तुमचा माल मागे राहिला. पुढच्या जहाजात जागा धरलीय. दुकानदाराला आत्ताच कळवा, त्याने विचारायच्या आत."

"बघितलंत?" दीर म्हणाला. "काय तुमची निवड!"

आक्काने लगेच फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दुकानदाराला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "बरं झालं आत्ताच सांगितलंत. उद्घाटनाच्या पत्रिका आजच छापायला देणार होतो. तारीख पुढे ढकलतो."

आक्काने सगळ्यांसमोर डोळे पुसले. "भावजी, तुमच्या मित्राला मला वाईट वाटायची काळजी होती. आठ्यावाल्यांना माझ्या मालाची आहे."

माल उशिरा पोचला, पण एकाही कपाचा कान तुटला नव्हता. दुकानदाराने पुन्हा माल मागितला, तेव्हा दिरानेच खाली मान घालून फोन हातात घेतला. "कोणाला लावू, वहिनी?"

"आठ्यावाल्यांना. आणि आधी एवढंच विचारा, या वेळी आमचं काय चुकतंय ते बघायला कधी येताय?"